कान बांधलेली गोलकीपर

बुलढाण्याला थंडी कुणाला विचारून येत नाही. दसरा उलटून जातो, दुपारी ऊन अजून डोक्यावर बसलेलं असतं, आणि एखाद्या सकाळी अचानक नळाचं पाणी हाताला चावतं. त्या दिवसापासून सगळं गाव कान झाकून फिरतं. घाट उतरून मलकापूरला जावं, तर तिथली माणसं बनियनवर पंख्याखाली बसलेली असतात आणि आमच्याकडे बघून हसतात. हसू देत. आम्ही पठारावरची माणसं. माणसाच्या शरीरात कान हाच सगळ्यात नाजूक अवयव आहे, असं आम्हाला लहानपणीच पटवून दिलेलं असतं.

हेच दिवस सोयाबीनचे. परवा उंद्रीजवळच्या आमच्या वावरात जाऊन आलो. वावर म्हणजे खरं तर भावाचंच. त्यात माझा हिस्सा आहे, घाम नाही. थ्रेशर चालू होतं. कुटाराचा धुरळा उन्हात पिवळा होऊन तरंगत होता, तुरीनं कळी धरली होती, आणि तो कोरडा, गोडसर, घशात जाऊन बसणारा वास सगळीकडे भरून राहिला होता. खोकत खोकत घरी आलो, तर बायकोनं पेटीतला लोकरी रुमाल काढून दोरीवर टाकलेला. तपकिरी, एका कडेला उसवलेला. मी त्याच्याकडे न बघता चपला काढल्या. दरवर्षी असंच होतं. थंडी पडली की लोकांना चहा आठवतो, हुरडा आठवतो. मला कान बांधायचा रुमाल दिसला की फुटबॉल आठवतो, आणि फुटबॉल आठवला की मी तोंड पाडून बसतो.

सांगायला हरकत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे: मी एका बायकांच्या फुटबॉल टीमचा इतिहास संपवला. टीमही साधीसुधी नाही, जर्मनीतली. निदान गेली काही वर्षं मी तरी असंच धरून चाललो आहे.

त्याआधी फुटबॉलशी माझा संबंध फारसा नव्हता. शाळेत असताना चेंडू एकदाच माझ्याकडे आला, तोही नाकावर. पुढे एका हायस्कुलात लिपिक झालो आणि खेळाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. हवा भरायचा पंप मी इतका जपायचो की पोरं बिचारी चपट्या चेंडूनंच खेळायची. खेळाडू घडवण्यात माझा हातभार एवढाच.

आमची मितू, म्हणजे संघमित्रा, ही मात्र जन्मतःच पळत आली. खो-खोत खांबावर सूर मारायची तेव्हा बघणाऱ्याचे गुडघे खरचटल्यासारखे व्हायचे. कोपरांवर कायम हळद. नर्सिंग झालं, जर्मन भाषा शिकली, तिकडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि गेली. पहिल्याच वर्षी एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, मी इथं क्लबात जाते, रविवारी." मी घाईघाईनं स्पीकर बंद केला. घरात पाहुणे बसलेले. आमच्याकडे क्लब म्हणजे बंद शटरच्या आत रमी, आणि बाहेर एक माणूस पोलीस येतात का बघायला. पोरगी क्लबात जाते ही गोष्ट मी बरेच दिवस पोटात ठेवली. मग तिनं फोटो पाठवला: चिखलानं माखलेली, हातात हे एवढाले हातमोजे, मागे जाळी. गोलकीपर. क्लब खेळाचा होता. मला हायसं वाटलं, आणि मग त्या चिखलाची काळजी वाटायला लागली. बाप असाच असतो. एक काळजी मिटली की लगेच दुसरी शोधतो.

तिच्या बाळंतपणाला तिची आई जाणार होती. प्रतिभा, म्हणजे माझी बायको, अंगणवाडीत आहे. गावातल्या अर्ध्या पोरांची पहिली कडेवरची जागा तिचीच. तिकीट आलं, डिंक आला, अळीव आले, खारकांचा कुटाणा झाला, आणि जायच्या तोंडावर ती मोरीत घसरली. पाय प्लास्टरात. घरात रडारड. शेवटी मी म्हणालो, "मी जातो." भाऊ हळूच म्हणाला, "अबे, तू? बाळंतपणाले?" मी म्हणालो, "त्यात काय आहे?" पुरुषमाणसानं हे वाक्य उच्चारलं की समजावं, आता काहीतरी बिघडणार.

तर असा मी त्या वर्षी, याच दिवसांत, जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावात जाऊन पोचलो. पिशवीत डिंकाचे लाडू आणि गळ्यात तपकिरी रुमाल.

तिकडचा तो ऋतू मला अजून नाकात आठवतो. मक्याची वावरं कापून झालेली, कापलेल्या धांडांचा आंबूस वास, रस्त्यावर ओली पानं, झाडांखाली कुणी न उचललेली सफरचंदं. उन्हाला रंग होता पण ऊब नव्हती. दुपारीच दिवेलागणीसारखं व्हायचं. मितूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्लबचं मैदान दिसायचं: एक हिरवा चौकोन, दोन जाळ्या, बाजूला बुटकी इमारत, आणि पलीकडे लगेच मक्याचं वावर. मी भाकरी थापायचो, म्हणजे थापायचा प्रयत्न करायचो, आणि खिडकीतून बघायचो. पुरुषांची टीम सरावाला आली की लाइट लागायचे. बायका आल्या की त्यातले अर्धेच लागायचे. हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ लावायच्या फंदात मी पडलो नाही. माझी भाकरी करपत होती.

उटे दर रविवारी यायची. साठी ओलांडलेली, उंच, केस पांढरे आणि कापलेले, आवाज ढोलासारखा. ती मितूच्याच हॉस्पिटलात कामाला होती आणि तिनंच मितूला मैदानावर ओढून नेलं होतं. हॉस्पिटलात कुणाच्या हातून औषधाची बाटली सुटली आणि मितूनं ती जमिनीवर झेपावून धरली, तेव्हा उटे म्हणाली म्हणे, तू रविवारी काय करतेस? उटे येताना जांभळ्या फळांचा केक आणायची. मी तो मितूला खाऊ द्यायचो नाही, आंबट बाळंतिणीला चालत नाही. तो सगळा मीच खायचो. त्यागाची सवय आहे मला.

केक खाता खाता उटे टीमची गोष्ट सांगायची, मितू मराठीत करून द्यायची, मांडीवर बाळ. उटेच्या लहानपणी त्या देशात क्लबांना बायकांचा फुटबॉल खेळवायला मनाईच होती. बाईच्या शरीराला हा खेळ झेपत नाही, असं म्हणत. उटे भावांबरोबर गोठ्यामागे खेळायची, तिची आई खिडकीत उभी राहून कुणी येतं का बघायची. पुढे मनाई उठली, तरी या गावाच्या क्लबात बायकांना कुणी विचारलं नाही. मग एका जत्रेत क्लबच्या जुन्या खेळाडूंनी गंमत म्हणून सामना ठेवला: पुरुष घागरे घालून खेळतील, समोर त्यांच्या बायका. बायकांनी बटाटे काढून झालेल्या वावरात, कुणाला न सांगता सराव केला. पुरुष बिअर पिऊन, घागरे सावरत आले. बायका जिंकल्या. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या मिळून क्लबात गेल्या आणि म्हणाल्या, आमची टीम लिहून घ्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय," मितू म्हणाली, "हसले ते. पण लिहून घेतली."

कपडे बदलायला त्यांना खोली मिळाली नाही. गवत कापायचं यंत्र ठेवायची टपरी मिळाली. उटे म्हणाली, आजही कुठे पेट्रोलचा वास आला की माझ्या पायांना वाटतं, सामना सुरू होणार. पुरुषांच्या सामन्यांना केक विकून त्यांनी चेंडू घेतले, जाळी घेतली. टीमचा पहिला फोटो क्लबच्या भिंतीवर लागला, संडासाकडे जायच्या बोळात. उटे हसत म्हणाली, "जागा वाईट नाही. तिथून प्रत्येक पुरुषाला जावंच लागतं."

मी पोट धरून हसलो. घागऱ्यांच्या गोष्टीला तर दोनदा हसलो. आणि हसताना माझं निम्मं लक्ष कुठे होतं, तर उटेनं आत येताना दार नीट लावलं की नाही, याकडे.

कारण मी बाळंतपण चालवत होतो. त्यात गोची अशी, की बाळंतपण मी आयुष्यात पाहिलं होतं ते दाराबाहेरून. आमच्या आईनं मितूच्या वेळी मला उंबऱ्याच्या आत पाय ठेवू दिला नव्हता. मला दिसलं होतं ते बंद दार, फटीतून येणारा ओव्याचा धूर, आणि मधूनच कान बांधलेलं प्रतिभाचं डोकं. सव्वा महिना. आत काय चालतं, कोण किती थकलं, कोण रडलं, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून जे बाहेरचं ठाऊक होतं, ते सगळं मी दुप्पट केलं. दार बंद. खिडकी बंद. रुमाल मितूच्या डोक्यावरून हनुवटीखाली आवळलेला. एकदा तव्यावर ओवा टाकून धुरी केली तर छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. शेजारचा म्हातारा अंगातल्या झग्यासकट पळत आला. मी खुर्चीवर चढून त्या यंत्रावर माझी कानटोपी चढवली. म्हणजे त्या घरात मी यंत्राचेसुद्धा कान बांधले.

ही धुरीची गोष्ट मी नंतर पन्नास लग्नांत सांगितली असेल. जेवणं झाली, पानं उचलली, की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते जर्मनीचं होऊन जाऊ द्या." मी सुरू करतो. शेजाऱ्याच्या झग्याची नक्कल करतो. दुसरबीडचे आमचे व्याही तर डोळे पुसत हसतात. आणि कानटोपीपाशी मी थांबतो. त्यापुढचं सांगत नाही. लोकांना वाटतं गोष्ट तिथेच संपते.

त्यापुढचं असं.

त्या वर्षी टीम विरत चालली होती. पोरी शिकायला शहराकडे गेलेल्या, कुणाची लग्नं, कुणाच्या हॉस्पिटलातल्या पाळ्या. कधी कधी समोरच्या गावाला फोन करून सांगावं लागायचं, आम्ही येऊ शकत नाही, माणसं पुरत नाहीत. मितूचं पोट दिसायला लागल्यापासून जाळीपुढे कुणी ना कुणी उभं राहायचं, ठरलेलं असं कुणीच नव्हतं. क्लबची वर्षाची सभा होती, संध्याकाळची. बायकांची टीम चालू ठेवायची की बंद करून उरलेल्या पोरींना शेजारच्या गावाच्या टीमला जोडून द्यायचं, हे त्या सभेत ठरायचं होतं. सभेत मितूनं बोलावं असं उटेचं म्हणणं होतं. म्हणाली, "माझं ते गेली कित्येक वर्षं ऐकतायत, माझा त्यांना कंटाळा आलाय. तू नवीन आहेस. तुझा अजून कुणाला कंटाळा आलेला नाही."

मितू रोज बाळाला पाजताना पुटपुटायची. जर्मनमध्ये. मला वाटायचं अंगाई आहे. ते भाषण होतं.

सभेच्या दिवशी वारा होता. पानं दारापर्यंत उडत येत होती. दिवस मावळताना उटे आली. अंगात क्लबचं जुनं जॅकेट, गाडी चालूच ठेवलेली. मितू सोफ्यावर, कान बांधलेले, बाळ नुकतंच झोपलेलं. जावई कामाच्या पाळीवर. उटे काहीतरी बोलली. मितूनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, जाऊ का?"

मला आयुष्यात इतका अधिकार कुणी दिला नव्हता. शाळेत मुख्याध्यापक मला विचारत नाहीत, घरी प्रतिभा विचारत नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, "सव्वा महिना झाला नाही अजून. वारा पाहून राह्यली ना कसा आहे? कानात बसला म्हणजे जन्मभराचं दुखणं." आणि उटेकडे वळून मला येत असलेला एकुलता एक जर्मन शब्द म्हणालो, "नाइन." म्हणजे नाही.

मी घाईनं आत गेलो आणि उटेच्या हातात डिंकाचे दोन लाडू ठेवले. तिनं ते जॅकेटच्या खिशात घातले आणि गेली. मी दार लावलं, कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. खिडकीतून क्लबच्या इमारतीतले दिवे दिसत होते. मितूनं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला.

टीम बंद झाली. दुसऱ्या दिवशी उटेचा फोन आला, मितू "हो, हो" म्हणत राहिली. मग तिनं हातमोजे धुतले आणि गॅलरीत वाळत टाकले. ते बरेच दिवस तिथे होते. बोटं ताठ झालेली, पाच आणि पाच, जणू कुणीतरी पलीकडे जाणाऱ्या माणसाला थांब म्हणतंय. ती परत खेळली नाही.

मी घरी आलो तेव्हा प्रतिभाचं प्लास्टर निघालेलं. मी सगळा पराक्रम सांगितला. धुरीला ती हसली. सभेचं ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"कोनं सांगतलं तुमाले का सव्वा महिना दाराबाहेर पाय नाई टाकायचा?"

"आईनं तुला..."

"तुमची आई दुपारी झोपली का मी मितूले घेऊन मागच्या दारानं बोरीखाली जाऊन बसत होती. डोक्यावरचा रुमाल काढून. काय गोड वारा लागे! तुमाले कधी दिसलं नाई?"

"नाही."

"रोज फोन करून राह्यले होते ना? डिंक किती घालू, अळीव कधी भिजवू. हे काऊन नाई विचारलं?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते चारचौघांत बरं दिसत नाही. मी विचारलं नाही, कारण ती "जाऊ द्या" म्हणाली असती. मला "नाही" म्हणायचं होतं.

या दिवसांत सकाळी फिरायला निघालो की रस्त्यानं पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. खेड्यातून येऊन इथे खोली करून राहिलेल्या, जुने बूट, ट्रॅकपँट, वेण्या पाठीवर आपटत असतात. तोंडातून वाफ निघत असते. एकीच्याही कानाला काही नसतं. माझी जीभ वळवळते: बाई गं, कान झाक. मी तोंड बंद ठेवतो. एकदा त्यातली एक थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत मला म्हणाली, "काका, किती वाजले?" मी वेळ सांगितली. ती पळत गेली. दिवसभर मला उगाच बरं वाटत राहिलं, जसं काही मीच तिला भरती केलं. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. एका पोरीला घड्याळातली वेळ सांगून दुसरीचं काय भरून निघणार होतं?

गेल्या आठवड्यात मितूचा फोन आला. आमची नात, मैत्री, मागे काहीतरी फोडत होती. मितू म्हणाली, क्लबच्या स्थापनेचं मोठं वर्ष आहे, पुस्तक निघतंय. पुरुषांच्या टीमवर पानंच्या पानं. बायकांच्या टीमचा इतिहास लिहायला उटेनं तिला सांगितलंय. घागरे, टपरी, केक, सगळं लिहून झालंय. शेवट राहिलाय.

"बाबा, तुम्ही त्या वर्षी इथंच होते ना. सभेच्या दिवशीचं काय काय आठवते तुमाले?"

मला वाटलं, आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आलं. मी खुर्चीवर नीट बसलो. म्हणालो, "मितू, तू मोकळेपणानं लिही. बापानं सोडलं नाही म्हणून लिही. माझ्यामुळे टीम बंद पडली. मी तुझी माफी..."

"बाबा, बाबा, थांबा."

"नाही, लिहिलंच पाहिजे. नाव घालून लिही."

पलीकडे मैत्रीला कुणीतरी, बहुतेक जावई, दुसऱ्या खोलीत घेऊन गेलं. दार लागल्याचा आवाज आला.

"बाबा, मी नर्सिंगले गेली तेव्हा तुमाले विचारलं होतं?"

"नाही."

"जर्मनीले येताना? राहुलशी लग्न ठरवताना?"

"सांगितलं होतंस. विचारलं नव्हतं."

"मंग त्या दिवशीच काऊन विचारलं असन?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मले जायचंच नव्हतं," मितू म्हणाली. "भाषण पाठ होतं. सगळं होतं. पण उटे दारात आली आणि मले वाटलं, मी आत्ता उठली तर पडन. रातभर जागी, अंगात ताप, दुधानं कपडे भिजलेले. आणि त्या सगळ्या बाप्यांपुढं उभं राहून सांगा, का आमाले खेळू द्या. दर वर्षी सांगा. मले त्या दिवशी कुनीतरी नाई म्हनायले पाहिजे होतं. तुम्ही पटकन म्हनलं. किती बरं वाटलं मले, बाबा."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तोंड पाडून बसत होते ना दर वर्षी, मले वाटे आता कसं सांगू. आणि टीममधल्या सगळ्यायले मीच सांगतलं होतं, बापानं सोडलं नाई म्हणून. तुमच्या नावावर खपवलं मी."

म्हणजे त्या गावात इतकी वर्षं माझ्या नावानं बोटं मोडली जात होती आणि ती पोरीनं मोडवून घेतली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट भीती वाटली. म्हणालो, "हे बघ, उटेला हे कळलं तर तिला काय वाटेल? तुझ्यावर किती जीव आहे तिचा. राहू दे माझ्याच नावावर. मी इतका लांब बसलोय, मला काय फरक पडतो? भारतातला म्हातारा, रुमालवाला. लोक हसतील आणि सोडून देतील."

"उटेले सांगतलं मी. काल."

"काय म्हणाली?"

"म्हनली, मी पण त्या दिवशी बोलली नाई."

मग मितूनं उटेकडून ऐकलेलं सांगितलं. सभेत अध्यक्षानं विचारलं होतं, बायकांकडून कुणाला काही सांगायचं आहे का. उटे मागच्या बाकावर होती. हात वर करायचा होता. केला नाही. तिला वाटलं, गोठ्यामागे खेळत होते तेव्हापासून मीच बोलतेय, आज कुणीतरी दुसरं बोलू दे. दुसरं कुणी आलेलंच नव्हतं. एकीची कामाची पाळी होती, एकीच्या पोराला ताप, एक तर घरी टीव्ही बघत बसली होती, तिनं स्वतःच सांगितलं म्हणे. हात वर झालेच नाहीत. पुढचा विषय घेतला गेला. आणि नंतर कुणीही विचारलं की उटेसुद्धा म्हणायची, आमच्या गोलकीपरला तिच्या बापानं सोडलं नाही.

"मग शेवट काय लिहिलास?" मी विचारलं.

तिनं आधी जर्मनमध्ये वाचून दाखवलं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण तिचा आवाज एका जागी अडकला ते कळलं. मग मराठीत सांगितलं: त्या संध्याकाळी आम्हाला बोलायला जागा होती. आमच्यापैकी काहीजणी घरी राहिलो, आणि जी गेली ती गप्प बसली. टीम आम्ही सुरू केली होती. बंद होतानाही ती आमचीच होती.

"आणि माझं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एखाद्या ओळीत तरी? रुमालाचं वगैरे?"

"बाबा," मितू म्हणाली, रागानं नाही, लहानपणी मी तिला समजवायचो तसं, "आमच्या टीमचा इतिहास आहे हा. त्यात तुमचं काय काम?"

मैत्री दार बडवत होती, म्हणून तिनं फोन ठेवला.

इतकी वर्षं मी ते ओझं वाहिलं, निदान वाहतोय अशी समजूत तरी होती. बायकांनी बटाट्याच्या वावरात उभी केलेली टीम. पेट्रोलच्या वासात कपडे बदलून, केक विकून चालवलेली टीम. आणि ती बंद कुणी पाडली, तर बुलढाण्याच्या एका लिपिकानं, एका शब्दात. म्हणजे अपराध करतानाही मी स्वतःला किती मोठा समजलो होतो! लाइट अर्धेच लागायचे ते मला खिडकीतून दिसत होतं. ते मी लावले नव्हते, विझवलेही नव्हते. पण मला दिसत होतं. त्याचं दुःख करायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी आपला माझ्या "नाइन"ला कुरवाळत बसलो.

स्वयंपाकघरातून प्रतिभानं आवाज दिला, "काय म्हने मितू?"

"म्हणाली, माझ्यामुळे काही झालं नव्हतं म्हणून."

ती हात पुसत दारात आली. माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग? तोंड काऊन पाडलं?"